चपला कुरतडणारं पिल्लू

प्रश्न : आमचं पाच महिन्यांचं पिल्लू, आम्ही कामावर गेलो की चपला आणि सोफा कुरतडतं. परतल्यावर अपराध्यासारखं कोपऱ्यात बसतं. आई म्हणते, एकटं ठेवल्याचा सूड उगवतंय. मारावं का?
– एक वाचक, पोलोग्राउंड, इंदूर

उत्तर : मारू नका. आईंना सांगा, हा सूड नव्हे. साधारण चार ते सात महिन्यांत दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येतात. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावावंच लागतं. कोपऱ्यात बसणं हा पश्चात्ताप नसून तुमच्या चढलेल्या आवाजाची भीती आहे. मघाच्या चपलेशी त्या ओरड्याचा संबंध त्याला जोडता येत नाही.

चपला कपाटात ठेवा. निघण्यापूर्वी चांगलं फिरवून आणा. दमलेलं पिल्लू झोपतं. चावायला घट्ट रबरी खेळणं द्या. तुम्ही घरी असताना ओलं करून गोठवलेलं फडकंही चालेल, फक्त तुकडे गिळू देऊ नका. विजेच्या वायरी मात्र आजच उचला. शिजवलेली हाडं, चॉकलेट, मनुका नकोत, आणि सकाळच्या पोह्यांचा घासही नको. त्यातल्या कांद्यामुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. सात महिन्यांनंतरही दुधाचा दात उरला, तर पशुवैद्यांना दाखवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे. रेबीजची लस राहिली असेल, तर याच आठवड्यात टोचून घ्या.