ग्रीकांची मायभूमी

मुलांनो, युरोपचा नकाशा उघडून त्याच्या दक्षिण टोकाकडे पाहा. पंजा पाण्यात बुडवावा, तसे भूमध्य समुद्रात शिरलेले एक द्वीपकल्प तुम्हांस दिसेल. हाच ग्रीस देश. त्याचे प्राचीन नाव हेलास. ‘ग्रीस’ हे नाव रोमन लोकांच्या भाषेतून आले. आपले पूर्वज ग्रीकांना ‘यवन’ म्हणत. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रांत होता, त्यावरून हा शब्द आला. कार्ल्याच्या लेण्यातील काही खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत.

ही भूमी दिसावयास सुंदर, पण पिकावयास कंजूष. बहुतेक भाग डोंगरांनी व्यापलेला. त्यांतील सर्वांत उंच पर्वत ऑलिंपस. त्यावर देवांचा निवास आहे, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा होती. खडकाळ उतारावर गहू थोडा येई. ऑलिव्हचे झाड मात्र तेथे चांगले वाढे. त्याचे तेल जेवणात, दिव्यात आणि अंगास चोळण्यासही उपयोगी पडे. डोंगरांनी एक खोरे दुसऱ्यापासून तोडले, म्हणून प्रत्येक नगराचे राज्य निराळे झाले. त्यांना जोडणारा राजमार्ग म्हणजे समुद्र!

या समुद्रानेच अथेन्सला तारले. लॉरियनच्या खाणीत विपुल चांदी सापडली, तेव्हा ती नागरिकांत वाटावी असे ठरत होते. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने लोकांचे मन वळवून त्या पैशांतून युद्धनौका बांधविल्या. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस प्रचंड सैन्यानिशी चालून आला. अथेन्सच्या लोकांनी बायकामुलांना बोटींतून पलीकडे पोहोचविले आणि आपले नगर सोडले. शत्रूने ते जाळून टाकले.

युद्धसभेत करिंथच्या सेनापतीने थेमिस्टोक्लीसला हिणविले, की ज्याला नगरच उरले नाही त्याने बोलू नये. त्यावर त्याने बजावले, की दोनशे नौका सज्ज आहेत तोवर आमचे नगर आणि आमची भूमी तुमच्याहून मोठीच आहे. पुढे सॅलॅमिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत इराणी नौकांची दाटी झाली, त्या एकमेकींवर आदळल्या आणि ग्रीकांचा विजय झाला.

अथेन्सच्या टेकडीवर अथीना देवीचे ऑलिव्हचे एक पवित्र झाड होते. तेही आगीत सापडले. हिरोडोटस हा इतिहासकार सांगतो, की दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्यास हातभर लांब नवा कोंब फुटलेला दिसला. एका दिवसात हातभर कोंब! ही आख्यायिकाही असेल. पण जळालेले ऑलिव्हचे झाड मुळापासून पुन्हा फुटते, हे तिकडचा शेतकरी आजही जाणतो.