दया आणि कृपा



प्रार्थनेत आपण ‘दया’ आणि ‘कृपा’ हे शब्द एका दमात म्हणतो. दोन्ही देवाच्या प्रीतीतूनच येतात, तरी त्यांत फरक आहे. ज्या शिक्षेला आपण पात्र आहोत ती देव देत नाही, ही त्याची दया. ज्याला आपण मुळीच पात्र नाही ते तो फुकट देतो, ही त्याची कृपा.

उधळ्या पुत्राचा दाखला आठवा (लूक १५:११-३२). बापाने त्याला हाकलून दिले नाही, ही दया झाली. मुलगा तर चाकर म्हणून राहायलाही तयार होता. पण बापाने त्याला उत्तम झगा, अंगठी आणि जोडा घालून पुन्हा मुलाचा मान दिला. ही कृपा.

धुळ्याहून आग्रा रोडने पुढे गेले की इंदूर लागते. त्या भागात सिस्टर राणी मारिया गरीब शेतमजुरांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने प्रवास करताना त्यांना भोसकून ठार मारण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबीयांनी त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

सुटकेची विनंती ही दया. पण राखीने खुनी भाऊ झाला, ही कृपा. आणि राखी आधी आली, सुटका नंतर. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे संत पौल सांगतो (रोम ५:८), ते हेच.

आपण मात्र शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला धरतो. ‘माफ केलं, पण त्याच्या दारात पाय ठेवणार नाही,’ असे म्हणतो. कोर्टातला दावा मागे घेतो, पण लग्नाची पत्रिका देत नाही. दयेपर्यंत कसेबसे पोहोचतो, कृपेपाशी अडतो. स्वतःच्या बळावर पुढचे पाऊल पडणारही नाही. म्हणून प्रायश्चित्त संस्काराला या. तेथे पापांची क्षमा तर होतेच, शिवाय देवाचे जीवन आपल्यात पुन्हा ओतले जाते.

या आठवड्यात चिंतनासाठी एकच प्रश्न: आपण कोणाला माफ केले आहे, पण अजून घरी बोलावलेले नाही?