हात कधी आवरायचा

रोहा-अष्टमीत त्वचेच्या दवाखान्यात मी डॉक्टरांच्या हाताखाली मेडिकल एस्थेटिशियन, म्हणजे त्वचेचे सौंदर्योपचार करणारी, म्हणून काम करते. कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवरच्या मुली विचारायला येतात, बरोबर आई असते. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, कोर्स कुठे करायचा?" त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

१. कागदाआधी शिकवणारा पाहा. मेडिकल एस्थेटिशियन म्हणून आपल्या देशात वेगळा सरकारी परवाना नाही, त्यामुळे चार दिवसांच्या वर्गाचंही झोकदार सर्टिफिकेट मिळतं. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड एक वर्षाचा, दहावीनंतर करता येतो. पाया म्हणून तो चांगला. झुरिकच्या सिडेस्को संस्थेचा डिप्लोमा परदेशातही चालतो, पण खर्चिक. यातून सौंदर्योपचार येतात. त्यातला 'मेडिकल' भाग मात्र त्वचारोगतज्ज्ञाच्या शेजारी उभं राहूनच शिकावा लागतो. म्हणून फी भरण्याआधी विचारायचं, की शिकवायला त्वचेचा डॉक्टर आहे का आणि खरे पेशंट बघायला मिळणार का. त्यासाठी दिवा मेमू पकडून मुंबई गाठावी लागली तरी गाठा. इंजेक्शन आणि फिलर हे डॉक्टरांचं काम. कुणी ते तुम्हाला शिकवतो म्हणाला तर तिथून निघा.

२. मशीनच्या पुस्तिकेवर विसंबू नका. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ साली उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले. ती मांडणी आधी गोऱ्या लोकांपुरतीच होती. पाचवा आणि सहावा हे सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बरेच चेहरे चौथ्या-पाचव्यात बसतात. केस काढायच्या लेझरला केसातलं रंगद्रव्य हवं असतं, पण तेच आपल्या कातडीतही भरपूर असतं. सेटिंग चुकलं की केसाऐवजी कातडी भाजते आणि काळा डाग महिनोन्महिने जात नाही. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग किरण खोल जातो आणि वरच्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो, म्हणून सावळ्या त्वचेला तो जास्त सुरक्षित. तरीही आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यायची आणि थांबायचं. बाई लांबून एसटीने आलेली असली तरी थांबायचं.

३. केमिकल पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर काढणारा आम्लाचा लेप, लावल्यावर खुर्ची सोडायची नाही. ग्लायकोलिक आम्लाने त्वचेवर पांढरं दिसू लागलं तर घड्याळात वेळ उरली असली तरी तिथेच उतारा लावून ते निष्प्रभ करायचं. सॅलिसिलिकचा पांढरा थर वेगळा, तो औषधाचेच कण सुकून बसलेले असतात. हे दोन पांढरे ओळखता येईपर्यंत एकटीने पील करू नये असं माझं ठाम मत आहे.

४. आधी विचारा, "चेहऱ्याला काय लावतेस?" आणि ट्यूब घेऊन यायला सांगा. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा भाग हाच. कोकणात पावसाळाभर अंगावर ओले कपडे, म्हणून नायटा घरोघर. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब येते, दोन दिवसांत खाज थांबते आणि मग तीच ट्यूब उजळपणासाठी तोंडाला लागते. काही महिन्यांत चेहरा लाल, पातळ, उन्हात आग होणारा. गालांवर लव आणि पुरळ. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. उजळ करणाऱ्या क्रीमच्या बिननावाच्या डबीत पारा असू शकतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीमने इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. अशा चेहऱ्याला फेशियल नाही, ब्लीच नाही, सरळ डॉक्टरांकडे. स्टेरॉइड एकदम बंद केलं तर चेहरा आणखी भडकतो, म्हणून ते कसं सोडायचं हेही डॉक्टरच ठरवतील.

फिकट चट्ट्याचंही तसंच, सरळ डॉक्टरांकडे. टाचणीचा स्पर्श, गरम-गार कळत नसेल तर त्यावर काहीही चोळू नका. कुष्ठरोग संपलाय असं समजू नये. नेऱ्याचं शांतिवन, कुष्ठरोग्यांसाठीची संस्था, आपल्याच जिल्ह्यात आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर हातापायाची बोटं वाचतात. तो चट्टा बऱ्याचदा आधी आपल्याच दिव्याखाली येतो. धाटावच्या रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या हातावरचं पुरळही पार्लरचं काम नव्हे.

५. हळदीला पंधरा दिवस उरले असताना नवा उपचार सुरू करायचा नाही, नवरीने कितीही आग्रह केला तरी.

६. हेपॅटायटिस बीची लस काम सुरू करण्याआधी घ्या: पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेली सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यातच. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर पूर्ण वेळ चालू द्यायचा, बाहेर कितीही गर्दी असो.

७. 'बघायला येणार आहेत, पोरीला जरा उजळ करा,' असं आया सांगतात आणि मुलगी मान खाली घालून बसते. मी आईला बाहेर बसवून मुलीशी आधी बोलते. मुरुम असतील तर ते बरे होतील, वांग असेल तर फिकट होईल, पण जन्माचा रंग बदलणार नाही, हे दोघींना स्पष्ट सांगते. मग भाताच्या लावणीला जाताना सनस्क्रीन किती लावायचं, घामाने गेलं की पुन्हा कधी लावायचं आणि डोक्यावर काय घ्यायचं ते लिहून देते. काही जणी चिडून दुसरीकडे जातात. त्यांना थांबवायला मी उपचाराचं खोटं आश्वासन देत नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणारीनेही देऊ नये.