बर्फाखालचा सिस्को

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळा लागला की तळी गोठतात, आणि त्या बर्फाला भोक पाडून मासे गरवणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. मूळचे रत्नागिरीचे, आता मिनिआपोलिसला स्थायिक झालेले मामा आणि शिक्षणासाठी तिथे आलेली त्यांची भाची यांच्यातला हा संवाद.

भाची : मामा, इथे ज्याच्या त्याच्या तोंडी वॉलआय आणि पाइक. सिस्कोचं नाव फारसं कुणी घेत नाही. तुम्ही मात्र त्याच्याच मागे!

मामा : ते वॉलआय आणि पाइक पोसले जातात कशावर? याच सिस्कोवर. सॅमन आणि ट्राउटच्या कुळातला हा रुपेरी मासा. इथल्या तळ्यांत साधारण 10 ते 14 इंचांचा मिळतो. मिनेसोटात त्याला टुलिबी म्हणतात, लेक सुपीरियरच्या काठी लेक हेरिंग. समुद्रातल्या हेरिंगशी मात्र त्याचं नातं नाही.

भाची : पण वर एवढा बर्फ असताना खाली तो जगतो कसा?

मामा : पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं. त्यामुळे तळाकडचं पाणी भर हिवाळ्यातही पाणीच राहतं. सिस्कोला थंडीचा त्रास नाहीच, त्याला बाधतो तो उन्हाळा. त्याबद्दल पुढे सांगतो.

भाची : मला आधी बर्फावर पाय ठेवायचीच भीती वाटते.

मामा : ती वाटायलाच हवी. चालत जायचं तर स्वच्छ, कडक बर्फ किमान 4 इंच जाड हवा. पांढरा, हिमाचा झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड असावा लागतो. काठावर एकदा मोजलं म्हणजे झालं नाही. पुढे सरकताना ठिकठिकाणी भोक पाडून मोजायचं, कारण आत येणारा ओढा किंवा तळाचा झरा बर्फ पातळ करतो. गळ्यात दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी अडकवायच्या. आत पडलंच कुणी, तर त्या बर्फात रोवून बाहेर येता येतं. आणि एकट्याने जायचं नाही.

भाची : एवढ्या मोठ्या तळ्यात भोक पाडायचं तरी कुठे?

मामा : खोल भागावर. इतर बरेच मासे काठाच्या उतारावर किंवा गवताजवळ असतात, सिस्को मधल्या खोल पाण्यात अधांतरी फिरतो. त्याचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. अंधार पडू लागला की ते जीव वर येतात आणि त्यांच्यामागून सिस्कोचे थवेही. म्हणून नुसता गळ तळाशी सोडून बसणाऱ्याला तो क्वचित लागतो. भोकात सोनारचं छोटं यंत्र सोडलं की थवा किती फुटांवर आहे ते पडद्यावर दिसतं. गळ त्या पातळीच्या जरा वरच थांबवायचा. सिस्को वर येऊन खातो, खाली वाकून सहसा नाही.

भाची : गळ कसा लागतो?

मामा : लहान. बारीक तंगूस, मऊ टोकाची आखूड काठी. धातूचा एक चकचकीत छोटा चमचा लावायचा, त्याचा गळ काढून टाकायचा आणि त्याच्या खाली दोन-तीन इंचांच्या दोरीवर इवलासा गळ अडकवायचा. त्याला एक अळी. चमचा चमकून मासा जवळ आणतो, घास तो अळीचा घेतो. ओढ फार हलकी असते, काठीचं टोक जेमतेम हलतं. तेव्हा झटका द्यायचा नाही. याचं तोंड इतकं नाजूक असतं की जोर केला की फाटतं आणि मासा सुटतो. तंगूस सैल पडू न देता संथपणे वर घ्यायचं.

भाची : लहान आले तर परत सोडता येतात ना?

मामा : परत सोडलेला सिस्को जगेलच असं धरून चालू नये. हाताळला की त्याचे खवले झडतात आणि तो लवकर दम सोडतो. म्हणून परवाना जवळ असला आणि त्या वर्षीचे नियम पाहिलेले असले तरी माझा हिशोब वेगळा आहे. आज रात्री जेवढे साफ करून होतील तेवढे मिळाले की गळ गुंडाळायचा.

भाची : साफ करण्याची एवढी घाई कशाला? बाहेर तर सगळंच गोठतंय.

मामा : सिस्को बांगड्यासारखा तेलकट. तेलकट मासा ठेवला की त्याला लवकर खवट वास येतो. घरी आल्याबरोबर खवले काढायचे, ते सहज निघतात. मग पोट साफ करायचं, कल्ले काढायचे आणि कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ खरवडून टाकायची. मांसात कधी पिवळसर गाठी दिसतात. पाइकच्या आतड्यात वाढणाऱ्या चपट्या कृमीची ती आधीची अवस्था. माणसाला त्यांचा अपाय नाही, कापून टाकायच्या.

भाची : आणि गाबोळी?

मामा : आता मिळायची नाही. सिस्को अंडी घालतो नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, तळं गोठायच्या सुमारास. लेक सुपीरियरवरचे कोळी नोव्हेंबरात जाळी टाकतात ती मुख्यतः गाबोळीसाठी. ती बरीचशी स्कँडिनेव्हियाला जाते.

भाची : मग रवा लावून तळायचा?

मामा : ताजा असेल तर जरूर. पण मांस मऊ आणि काटे बारीक. त्याचं खरं चीज होतं ते धुरी दिल्यावर, कारण अंगच्या तेलात धूर मुरतो आणि मांस कोरडं पडत नाही. मीठ आणि थोडी ब्राऊन शुगर घातलेल्या पाण्यात रात्रभर थंड जागी ठेवायचा. सकाळी धुऊन वाऱ्यावर सुकवायचा, अंगावर चिकटसर पापुद्रा येईपर्यंत. त्या पापुद्र्यालाच धूर धरतो. मग मेपल, अल्डर किंवा सफरचंदाच्या लाकडाची धुरी. मांसाच्या आतलं तापमान 71 अंशांवर जाऊन अर्धा तास तिथे राहिलं पाहिजे.

भाची : म्हणजे सुक्या मासळीसारखा डब्यात भरून ठेवता येईल.

मामा : मुळीच नाही! धुरी दिलेला मासा ओलसरच असतो. बाहेर ठेवला तर बोट्युलिझमचे जंतू त्यात विष तयार करू शकतात. तो 3 अंशांच्या खाली फ्रिजमध्ये, जास्त दिवसांसाठी फ्रीझरमध्ये. व्हिनेगरमध्ये मुरवायचा असेल तर आधी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवायचा, कारण नुसत्या व्हिनेगरने कृमी मरत नाहीत. एक फायदा मात्र आहे, व्हिनेगरमध्ये बारीक काटे विरघळून जातात.

भाची : तुम्ही उन्हाळ्याबद्दल सांगणार होतात.

मामा : उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, म्हणून सिस्को खाली जातो. पण शेतांतून आणि अंगणांतून फॉस्फरस वाहून आला की तळ्यात शेवाळ माजतं. ते मरून तळाशी कुजतं आणि तिथला प्राणवायू संपवतं. वर ऊन, खाली गुदमर. मधला जगण्याजोगा थर आक्रसत जातो, आणि जुलै-ऑगस्टच्या उष्ण दिवसांत मेलेले सिस्को काठाला लागतात. हवामान तापेल तसं हे वाढणार.

भाची : यावर उपाय काय?

मामा : खोल आणि स्वच्छ तळी जपणं. मिनेसोटाच्या मत्स्यतज्ज्ञांनी पुढच्या उष्ण काळातही सिस्कोला आसरा देऊ शकतील अशी तळी निवडली आहेत. त्यांच्या पाणलोटातली सुमारे 75 टक्के जमीन जंगलाखाली किंवा अशीच सुरक्षित राहिली, तर पाणी स्वच्छ राहतं असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून काठाची झाडं तोडून हिरवळ लावू नये, अंगणात फॉस्फरसचं खत टाकू नये. मासा पाण्यात वाचवायचा तर काम काठावरच्या जमिनीवर करावं लागतं. ज्याला सिस्को खायचा आहे, त्याने त्या जंगलाच्या बाजूने उभं राहिलंच पाहिजे.