हिऱ्याचे पैलू

खाणींतून निघालेला हिरा पुष्कळदां मळकट काचेच्या खड्यासारखा दिसतो. त्याचें खरें तेज प्रकट होतें तें पैलू पाडल्यावर. परंतु पैलू पाडणें म्हणजे हिरा झिजविणें. म्हणून तेज वाढवावें कीं वजन राखावें, हा प्रश्न प्रत्येक कारागिरापुढें उभा राहतो. त्याचीं दोन उत्तरें दोन भारतीय हिऱ्यांत पाहावयास मिळतात.

आपले जुने कारागीर शक्य तों वजन राखीत. मूळ दगडाचा आकार फारसा न मोडतां ते त्यावर लहान लहान पैलू पाडीत. बूड सपाट आणि वरचा भाग घुमटासारखा, अशा घाटास गुलाब घाट म्हणतात. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या राजदंडांतील ऑर्लोव्ह हिरा या घाटाचा असून अर्ध्या अंड्यासारखा दिसतो. त्याचें वजन सुमारें १९० कॅरट आहे; पांच कॅरट म्हणजे एक ग्रॅम.

कोहिनूरही एके काळीं जवळजवळ एवढाच, म्हणजे सुमारें १९१ कॅरट होता. १८५१ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत तो पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. पण त्याचें तेज फिकें वाटून पुष्कळांची निराशा झाली. तेव्हां १८५२ सालीं डच कारागिरांनीं ३८ दिवस खपून त्यास लंबगोल ब्रिलियंट घाट दिला. या घाटांत खालचा भाग निमुळता असतो. कोन नीट साधले म्हणजे वरून आंत शिरलेला किरण खालच्या पैलूंवरून परावर्तन पावून पुन्हां वरच बाहेर पडतो आणि हिरा झळाळूं लागतो. कोहिनूरचें तेज वाढलें, पण वजन १०५.६ कॅरटच उरलें!

दागिन्याचें कोंदणही घाट पाहूनच ठरतें. पातळ, चपट्या हिऱ्यांतून प्रकाश खालीं निसटून जातो. म्हणून कुंदनकामांत त्यांच्याखालीं डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, ठेवतात. ब्रिलियंटास डांकेची गरज नसते. त्यास बारीक नख्यांनीं धरून उघड्या कोंदणांत बसवितात, म्हणजे त्यांत चोहोंकडून प्रकाश शिरतो.

ऑर्लोव्हकडे पाहून जुन्या घाटाची कल्पना आजही येते. जुना कोहिनूर मात्र आतां केवळ प्रतिकृतींतच पाहावा लागतो. झिजलेला कण पुन्हां जोडतां येत नाहीं. म्हणूनच कुशल कारागीर हिरा चाकावर धरण्यापूर्वीं त्याचें दीर्घकाळ निरीक्षण करतो. त्याच्या हातांइतकाच त्याचा हा धीरही मोलाचा आहे.