मे महिन्यात टिकलं तरच खरं

अगं, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा म्हणतेस ना? मग कर की! बाबांचं मी बघते. फक्त वेगाच्या आशेने करू नकोस, तिथे फारसं काही हाती लागणार नाही. मशीन आतून कसं चालतं ते कळावं म्हणून करणार असशील, तर मात्र खुशाल हात घाल.

वेगासाठी करण्याचे दिवस होते कधीकाळी. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. मल्टिप्लायर ४.५, बस ६६ मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की तोच ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात! आता कंपन्याच बूस्टच्या नावाखाली उसाचा सगळा रस काढून घेतात, आपल्या वाट्याला चोथा. आणि त्याची किंमत बघ. व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.४ चे ४.७ गिगाहर्ट्झ करायला १.२ व्होल्टचे १.३५ करावे लागले. वेग वाढला जेमतेम ७ टक्के, वीज आणि उष्णता मात्र ३५ टक्के. शिवाय त्यात प्रोसेसर जळाला तर वॉरंटी नाही. जादा व्होल्टेज काय करतं ते २०२४ मध्ये दिसलंच. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घरोघरी क्रॅश व्हायला लागले, आणि कंपनीला मायक्रोकोड बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. तुझी खोली गच्चीखालची. कूलर कितीही भारी घे, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७५ वर राहिला म्हणून तू खूश होशील. मे महिन्यात दुपारी स्लॅब तापून खोली ३५ वर गेली, की तोच प्रोसेसर त्याच सेटिंगला ९० च्या घरात. म्हणून थंडीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस, आणि मित्राच्या आकड्यांवर तर मुळीच नको. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही सारखे नसतात.

माझं विचारशील तर उलट्या बाजूने सुरू कर. तुझा रायझन आहे, तर बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर शोध आणि निगेटिव्ह १० दे. म्हणजे त्याच वेगाला व्होल्टेज कमी. गार राहिल्यामुळे बूस्ट आपोआप जास्त वेळ टिकतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदल, वहीत लिही, आणि तापमानावर लक्ष ठेवत स्ट्रेस टेस्ट रात्रभर चालू दे. नुसता विंडोज उघडला म्हणजे झालं असं नसतं. स्क्रीन काळीच राहिली तर रडत फोन करू नकोस. प्लग काढ, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेव, सेटिंग मूळपदावर येतं.

कूलर बदलणार असशील तर हे नीट वाच. तुझ्या एएम४ सॉकेटमध्ये जुना थर्मल पेस्ट सुकला की कूलर ओढताना प्रोसेसरही त्याला चिकटून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं राबवून पेस्ट नरम होऊ दे. मग बंद करून प्लग काढ, कूलरचे स्क्रू सोडव, हलकेच डावी-उजवीकडे फिरव आणि मगच उचल. नवा पेस्ट मटाराच्या दाण्याएवढा पुरे. पंखा, पेस्ट सगळं पुण्यात तापकीर गल्लीत मिळेल, पण बॉक्स उघडून दाखवा म्हण. आणि गुरुवारी बायोस अपडेटला बसू नकोस बाई! महावितरणची दुरुस्ती नेमकी त्याच दिवशी निघते, आणि अपडेट अर्धवट असताना लाईट गेली तर बोर्डच मरायचा.

हो, आणि मुख्य विचारायचं राहिलंच, बोर्ड कुठला आहे तुझा? ए५२० असेल तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोयच नाही त्यात. तसं असेल तर फक्त रॅमचं एक्सएमपी चालू आहे का बघ. ३६०० ची म्हणून घेतलेली रॅम कित्येकांकडे २४०० वरच रेंगाळत असते. तेवढं एक बटण दाबलंस तरी गेममध्ये फरक दिसेल.