जुने बाहुलीघर दुरुस्तीस देण्यापूर्वी

आमचे पुणतांब्याचे बाहुलीघर दुरुस्त होऊन आले तेव्हा ज्या ज्या आप्तांनी "छान, नवे झाले की!" असे म्हणून माझे अभिनंदन केले, त्यांच्यापुढे मी शिष्टाचार म्हणून मौन पाळले; परंतु जे घडले त्याला दुरुस्ती हे नाव देता येत नाही, एवढे तरी कोठे नमूद झाले पाहिजे, म्हणून हा मजकूर.

आजोबा गावचे सुतार. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत चालणारे नांगर, कुळव, पाभरी आणि गाड्यांची चाके बाभळीतून घडवावीत आणि सुगीत खळ्यावर बलुते घ्यावे, हा घराण्याचा उद्योग. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव रूढ झाले, गाड्यांना रबरी धावा आल्या, आणि त्यांच्या हातांना जी सक्तीची उसंत मिळाली तिच्यात त्यांनी आमच्या आत्यासाठी हे घर रचले: ओसरी, माजघर, वर माडी, लाकूड एका उतरविलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईचे. सावंतवाडीची खेळणी परंपरेने हलक्या पांगाऱ्याची; खेळण्यासाठी सागवान वापरणे ही आजोबांची स्वतःची रीत. प्रमाण गजास दोन तसू, म्हणजे बारास एक. नव्या दिल्लीचे वास्तुकार लटियन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी रचलेले, १९२४ साली पूर्ण झालेले आणि आज विंडसरच्या किल्ल्यात असलेले जगप्रसिद्ध बाहुलीघर याच प्रमाणाचे आहे. आजोबांनी मात्र आपले माप आपल्याच गजावरून काढले होते. त्या सबंध घरात एकही खिळा नव्हता. कुसू भोकात बसवून बांबूच्या मेखा मारलेल्या, सरस अगदी बेताचा, भिंतींच्या फळ्या खाचेत मोकळ्या, आणि घर सुटे करून पुन्हा जोडता यावे म्हणून प्रत्येक भागाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने मोडीत घातलेला अंक. पटाशीला हात लावण्याची आम्हा मुलांना मनाई होती; रंध्याखालच्या साली वेचण्याचा हक्क मात्र आमचा.

माडीचा कठडा निखळला होता आणि एक खांब भुंग्याने पोखरला होता. काम एवढेच. तालुक्याच्या गावातील एका फर्निचरवाल्याकडे मी ते सोपविले आणि खांब बदलावा, कठडा बसवावा, इतरत्र हात लावू नये, असे पावतीच्या पाठीवर त्याच्या समक्ष लिहिले. ती पावती आजही माझ्या संग्रही आहे. वायद्यामागून वायदे टळले. अखेर घर माझ्यापुढे आले ते झगझगीत रोगणाने माखलेले. मी काही न बोलता माडी उचलून उलटी केली. जेथे आजोबांचा अंक असावयास हवा होता तेथे प्लायवूडचा पिवळट, कोरा तळ होता, आणि चारही कोपऱ्यांत लोखंडी चुका ठोकलेल्या. भिंत उलटी केली, तेथेही तेच. जुने लाकूड कोठे आहे, असे मी विचारले. तो मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता. बोलणे न थांबविता त्याने "सडलेलं होतं, काका, टाकून दिलं" असे सांगितले आणि दुसऱ्या हाताने बिल पुढे सरकविले. पिढ्यान्‌पिढ्या एका वाड्याचा भार वाहिलेले सागवान सडले होते, हे एका सुताराच्या नातवाला सांगण्याचे धाडस त्याला झाले, याचा संताप अद्याप शमलेला नाही. बिलात प्लायवूडची किंमत स्वतंत्र लावली होती. माझ्या लाकडाची वजावट मात्र कोठेही नव्हती.

म्हणून ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना सांगतो. वस्तू देण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी, विशेषतः तळाची, छायाचित्रे घ्यावीत. सुट्या भागांची यादी करून तीवर कारागिराची सही घ्यावी, आणि काढलेला प्रत्येक तुकडा, किडका असला तरी, परत मिळेल हे त्याच यादीत लिहावे. नुसती सूचना लिहून भागत नाही, हे माझ्या पावतीने सिद्ध केले आहे. जुना सांधा सरसाचा असेल तर तो ऊब आणि ओल मिळताच सुटतो, फेव्हिकॉलचा तसा सहज सुटत नाही. सबब सरसच वापरण्याचा आग्रह धरावा. झाकल्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून पाहावा: पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्या लाखेचे पॉलिश समजावे आणि त्यावर काचकागद फिरवू देऊ नये. खाचेतल्या मोकळ्या फळ्या चिकटवू देऊ नयेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जखडलेली फळी तडकते. खांबाखाली ताजी, पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा जिवंत असण्याचा संभव आहे. आधी त्याचा बंदोबस्त, मग सुतारकाम. चार ठिकाणी चौकशी करावी, स्वस्ताईला भुलू नये, हे तर कोणीही सांगेल.

माळ्यावर, फडताळात, आजीच्या पेटीमागे जर अशी एखादी लाकडी वस्तू पडून असेल, तर ती आजच खाली उतरवून उलटी करून पाहा. पाठीवर मोडी अक्षर दिसल्यास ते जाणत्याकडून वाचून घ्या, उतरवून ठेवा, आणि त्यानंतरच कारागिराला उंबऱ्याच्या आत घ्या.